किट लेन्स की फिफ्टी? चौकट शिकायची असेल तर

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आहे आणि फोटो सपाट वाटतात, म्हणून ५० एमएम एफ १.८ ची लेन्स, म्हणजे ‘फिफ्टी’, घ्यायचा विचार चाललाय? आधी एक संध्याकाळ कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर घालवा.

काठावर कुणी बसलेलं असेल, त्याच्यामागे शालिनी पॅलेस येईल असे उभे राहा. एक फोटो १८ वर, दुसरा तिथूनच ५५ वर. पॅलेस मोठा होतो, पण माणूसही तितक्याच पटीनं मोठा होतो. आता झूम परत १८ वर आणून त्या माणसाजवळ चालत जा. माणूस चौकट भरून टाकतो, पॅलेस मागे चिमुकला राहतो. झूम फक्त चौकट कापते. पुढच्या-मागच्याचं नातं बदलतं ते पायांनी. फिफ्टीला झूमच नसल्यानं ती हे सक्तीनं शिकवते. पण किट लेन्सची रिंग ३५ वर ठेवून चिकटपट्टी लावली, तरी तेच शिकता येतं. मी तसंच शिकलो.

फिफ्टी खरी जिंकते ती अंधारात. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर दिवे लागल्यावर जा. किट लेन्स ५० च्या आसपास एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं); १.८ वर तिच्या नऊ पटींहून जास्त प्रकाश आत येतो. धार काढणारे हात स्पष्ट येतात, मागची गर्दी विरघळते. तालमीतल्या लाल मातीतही तेच. मात्र छोट्या सेन्सरवर (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) फिफ्टी ७५ सारखी अरुंद दिसते. पेठेतल्या बोळात पाठ भिंतीला टेकली तरी दार मावत नाही.

आणि खिद्रापूर! तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि वर आभाळाला उघडा गोल. मधल्या गोल शिळेपाशी बसून कॅमेरा सरळ वर धरा, १८ वर. तृतीयांशाचा नियम, म्हणजे विषय मधोमध न ठेवता चौकटीच्या एक-तृतीयांशावर ठेवायचा, तो इथे विसरा, गोल मधोमधच हवा. कॅमेरा अर्धवट तिरका झाला तर खांब एका बाजूला कलंडतात. फिफ्टीत या मंडपाचा तुकडाच येतो.

माणसं आणि संध्याकाळ टिपत असाल तर फिफ्टी घ्या. देवळं, घाट, बोळ टिपत असाल तर थांबा. ठरत नसेल तर आपल्या आवडत्या पन्नास फोटोंची माहिती उघडून फोकल लेंग्थ (म्हणजे हेच १८, ३५, ५० असे एमएमचे आकडे) बघा. माझे बहुतेक २० च्या आतले निघाले, म्हणून फिफ्टी मी अजून मित्राकडूनच मागून आणतो.