टूर कमी करून घ्यायचीय: साहेबांच्या कानावर घालायचं की एचआरला मेल टाकायचा?

कंबरेतली गादी सरकलीये, डॉक्टर म्हणतात प्रवास कमी करा आणि ऑफिसात पुढच्या आठवड्याचं सोलापूर आधीच लागलेलं, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी पुण्यात सर्व्हिस इंजिनिअर, महिन्यातले बारा-चौदा दिवस बाहेर, आणि दोन्ही करून बघितलंय.

आधी साहेबांनाच सांगितलं, टपरीवर चहा पिताना. ते लगेच म्हणाले, अरे काळजी घे, बघू आपण, आणि खरंच दोन महिने माझं नाशिक दुसऱ्याकडे गेलं. ना फॉर्म, ना रिपोर्ट, आजाराचा कागद फाइलला लागत नाही आणि अप्रेझलच्या वेळी कोणी तो काढून बघत नाही, हा मोठा फायदा. पण साहेबांची बदली झाली आणि नवीन साहेबांना यातलं काहीच माहीत नाही. ज्याच्या गळ्यात नाशिक पडलं होतं तो तर आधीपासूनच कुरकुरत होता, त्याने पहिल्याच मीटिंगमध्ये विषय काढला, आणि मी कामचुकार ठरलो कारण दाखवायला हातात काहीच नव्हतं.

मग एचआरला मेल. यात वेळ जातो, कधी कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवतात, चार लोकांना कळतं. माझं तर पहिल्याच दिवशी अडलं, आणि चूक माझीच. रजा संपवून आलो तेव्हा फिटनेस सर्टिफिकेट दिलेलं, त्यात नुसतं 'फिट टू रिझ्यूम ड्यूटी'. मॅडमनी तोच कागद समोर ठेवला, म्हणाल्या यात तर तुम्ही फिट आहात! तेव्हा फिटनेस घेतानाच डॉक्टरांकडून त्याच कागदावर अटी लिहून घ्या. आणि 'प्रवास टाळावा' एवढंच लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही, प्रत्येकजण आपल्याला हवा तसा अर्थ काढतो. माझ्या दुसऱ्या पत्रात होतं: सलग दीड तासापेक्षा जास्त बसून प्रवास नको, ५ किलोच्या वर वजन नको, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. माझी टूलबॅगच १४ किलोची, त्यामुळे पुढे वादच राहिला नाही. एमआरआय वगैरे मात्र मी जोडला नाही, काय जमत नाही एवढं कळलं की त्यांचं भागतं.

टूर पूर्ण बंद मागायची की मर्यादा, यात मी मर्यादेच्या बाजूचा. पूर्ण बंद म्हटलं की टीए-डीए गेला, इन्सेंटिव्ह गेला आणि हळूहळू मला टेबलावरच बसवलं असतं. (कंबरेला तेही वाईटच.)

आणि मेलमध्ये कायद्याची धमकी नको. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत पण गादी सरकली म्हणून आपण आपोआप त्यात बसत नाही, शिवाय सोयी करून देण्याचं त्यातलं कलम २० सरकारी आस्थापनांसाठी आहे, खाजगी कंपनीला समान संधी धोरण ठेवावं लागतं. ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर गोष्ट वेगळी, मग ते धोरण मागून घ्या आणि वाचा.

दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल आणि साहेब माणूस बरा असेल तर तोंडी पुरतं. इन्सुलिन चालू आहे, जेवणाच्या वेळा सांभाळायच्यात, असं कायमचं काही असेल तर लेखीच. मी आता दोन्ही एकाच दिवशी करतो, सकाळी बोलायचं आणि संध्याकाळी 'सकाळी बोलल्याप्रमाणे' म्हणून तीन ओळींचा मेल, साहेबांना, एचआर सीसीमध्ये.

सोलापूर अजून माझ्याकडेच आहे. कंपनीच्या गाडीऐवजी रेल्वेने जातो, मध्ये उठून डब्यात दोन फेऱ्या मारता येतात, टूलबॅग आदल्या दिवशी कुरियरने पुढे जाते. नाशिक सोडलं. तिथला टीए गेलाय, आणि ते घरी अजून पचलेलं नाही.