पोर्शे ९११ एससी: के-जेट्रॉनिक ठेवायचं की वेबर बसवायचे?

१९७८ ते १९८३ मधली एससी ज्याच्याकडे आहे, त्याच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: गाडीचं मूळ पेट्रोल इंजेक्शन, म्हणजे के-जेट्रॉनिक, ठेवायचं की ते काढून वेबर कंपनीचे कार्बोरेटर बसवायचे. गार गाडी सकाळी पटकन सुरू होते. पण फिरून येताना पेट्रोल भरायला थांबलात, अर्धा तास गप्पा झाल्या, की त्यानंतर सेल्फ मारत बसायची पाळी येते. माझ्या १९८२ च्या गाडीला हेच दुखणं लागलं होतं. इथे स्टुटगार्टजवळच्या एका वर्कशॉपने सांगितलं, इंजेक्शन सगळं काढून टाका आणि वेबरचे दोन तीन-तोंडी कार्बोरेटर बसवा, कायमची कटकट मिटेल. सल्ला देणारा माणूस जाणकार होता, त्यामुळे मीही तो गांभीर्याने घेतला.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. इंजिन बंद केल्यावरही के-जेट्रॉनिकच्या नळ्यांत दाब टिकून राहायला हवा. तो गेला की तापलेल्या इंजिनाशेजारच्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरपर्यंत पेट्रोलऐवजी वाफच पोचते. हा दाब धरून ठेवतो फ्युएल अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे आत स्प्रिंग आणि पडदा असलेला एक लोखंडी डबा. चाळीस वर्षांत तो पडदा फाटला तर नवल नाही. दाब मोजणारा गेज लावून इंजिन बंद केलं, तर काटा अगदी सावकाश खाली यायला हवा. माझा काटा डोळ्यांदेखत शून्यावर आला. पंपाच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटं येऊ न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टरही हेच करू शकतो, म्हणून गेजशिवाय कोणताही भाग मागवू नये.

आता वेबरची बाजू, आणि ती लहान नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडताच वेबरवाली गाडी जो झटका देते, तो के-जेट्रॉनिक देत नाही. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. सहा तोंडांतून हवा ओढली जाते तेव्हा मन हरखून जातं. बॅकफायर होऊन, म्हणजे मिश्रण उलट्या बाजूला पेटून, इंजिनाला हवा पुरवणारा प्लॅस्टिकचा एअरबॉक्स फुटायची धास्ती उरत नाही. (के-जेट ठेवणाऱ्याने एअरबॉक्सला पॉप-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब बाहेर सोडणारी झडप, बसवावाच.) शिवाय कार्बोरेटर आपल्या हाताने उघडता येतो, त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी, बदलता येतो. इंजेक्शनचा फ्युएल डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला पेट्रोल वाटून देणारा भाग, घरी उघडायच्या भानगडीत पडू नये. आणि तुम्ही इंजिनात तिखट कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा) घालणार असाल तर वेबरच घ्या. हवेच्या धक्क्यांनी के-जेटची हवा मोजणारी सेन्सर प्लेट थरथरते आणि मिश्रण बिघडतं.

तरी मी इंजेक्शनच ठेवलं, आणि त्याचं कारण पेट्रोलचा वास.

माझा एक मित्र हिवाळ्यात पुण्याला गेला, तेव्हा त्याची वेबर बसवलेली एससी आमच्या इमारतीच्या तळघरात माझ्या गाडीशेजारी होती. अधूनमधून ती फिरवून आणायचं काम माझ्याकडे होतं. चालवताना मजा यायची. परत आणून लावली की मात्र तापलेल्या इंजिनावर फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल उडायला लागायचं आणि त्याचा वास लिफ्टपर्यंत पोचायचा. जॅकेटला यायचा, मुलीच्या कार सीटला यायचा. शेजारच्या आजींनी दोनदा विचारलं, कुठे गळतंय का म्हणून. गळत काहीच नव्हतं. उघड्या तोंडाच्या कार्बोरेटरचा तो स्वभावच आहे. आणि दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिली की चेंबर कोरडे पडायचे. म्हणजे ज्या सेल्फ मारत बसण्याला कंटाळून इंजेक्शन काढायचं, ते गरम गाडीऐवजी गार गाडीत परत यायचं. स्वतंत्र गॅरेज असलेल्याला हे कदाचित जाणवणारही नाही. मला रोज त्याच लिफ्टने जायचं असतं.

खर्चाचंही सांगतो. वेबर म्हणजे फक्त दोन कार्बोरेटर नव्हेत. के-जेटचा पंप ५ बारच्या आसपास दाब देतो, वेबरला पाव बार पुरतो. त्यामुळे पंप बदला, नाहीतर रेग्युलेटर लावा, कार्बोरेटर इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड आणा, ते उघडणारं लिंकेज आणा, मग सहाही तोंडं एकसारखी ओढेपर्यंत ट्यूनिंग करा. जर्मनीत वर आणखी एक काम असतं: हा बदल तपासनिसाकडून गाडीच्या कागदांवर चढवून घ्यावा लागतो, आणि एच नंबरप्लेट (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांना मिळते ती) असेल तर तो त्या काळाला साजेसा आहे हे त्याला पटावं लागतं. या सगळ्यापुढे अ‍ॅक्युम्युलेटरची किंमत किरकोळ वाटते.

के-जेट ठेवण्यातही त्रास आहे, तो लपवत नाही. वॉर्म-अप रेग्युलेटर, म्हणजे गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळवून देणारा भाग, कधीतरी रीबिल्ड करून घ्यावा लागतो. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर अडकतो, म्हणून ही गाडी चालती ठेवायला हवी. मी तिच्यात कमी इथेनॉलचं सुपर प्लसच घालतो.

अ‍ॅक्युम्युलेटर बदलायचं काम अवघड नाही, पण जागा अडचणीची आहे. तो इंजिनच्या कप्प्यात डावीकडे, फिल्टरच्या शेजारी असतो. इंजिन पूर्ण गार असू द्या, बॅटरी काढा, आधी नळीतला दाब सोडा आणि पेट्रोल झेलायला चिंध्या हाताशी ठेवा. नट जाम झालेले असतात. एका पान्याने नळीकडची बाजू घट्ट धरून दुसऱ्याने नट सोडवा, नाहीतर लोखंडी नळी पिळली जाते आणि छोटं काम मोठं होतं. तांब्याचे वॉशर नवेच वापरा. ऑर्डर देताना पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही सोबत मागवा. तोही तेवढ्याच वयाचा आहे, आणि पंपाची नळी एकदा उघडली की तो बदलायला फारसा वेळ लागत नाही.