मेमरी मोकळी करून देणारा हिरवा पट्टा

जुना कॉम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणाऱ्या एका प्रोग्रॅमने माझे पैसे घेतले आणि वर, पैसे वसूल होताहेत याचा पुरावाही तो मला रोज दाखवत राहिला. पुरावा म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात बसलेला एक छोटा पट्टा. मेमरी भरत आली की लाल, शेजारचं बटण दाबलं की हिरवा. गंमत अशी की त्या पट्ट्यावरचा आकडा खरा होता. मेमरी खरोखरच मोकळी होत होती, आणि ती तशी मोकळी केल्यामुळेच कॉम्प्युटर आणखी रखडत होता.

कॉम्प्युटर घरातला, सगळ्यांनी मिळून वापरायचा. 4 जीबी रॅम (म्हणजे चालू कामं ठेवायची मेमरी), फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज 10. बटण दाबून दुसरं एखादं काम उरकून यावं, तोवर कुठे डेस्कटॉप दिसायचा. ब्राउझरमध्ये थोडे टॅब जास्त झाले की माउसचा बाणसुद्धा अडखळत चालायचा. म्हणून मेमरी मोकळी कशी करायची ते शोधलं. सगळ्यात वर आली ती जाहिरात, आणि जाहिरातीत ‘मोफत तपासणी’.

तपासणी बघण्यासारखी होती. फायलींची लांबलचक नावं झरझर सरकत होती, गोल काटा फिरत होता, लाल आकडा वाढत होता. शेवटी निकाल आला: शेकडो दोष, त्यातले बरेचसे ‘गंभीर’, आणि कॉम्प्युटरची प्रकृती चिंताजनक. दोष शोधणं मोफत, पण ते दुरुस्त करायला वर्षाची वर्गणी. कार्डाने पैसे भरले, ‘दुरुस्त करा’ दाबलं आणि आकडा शून्यावर आला. येणारच. आकडा लिहिणारेही तेच आणि पुसणारेही तेच.

ते शेकडो दोष होते तरी काय, हे मी नंतर एकेक उघडून पाहिलं. निम्म्याहून जास्त नुसत्या कुकी होत्या. कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली बारकीशी मजकुराची नोंद. हिच्यामुळे आपण लॉग-इन राहतो. ह्या सगळ्या ‘खासगीपणाला धोका’ या मथळ्याखाली मोजल्या होत्या. त्यानंतर फोटोंच्या लघुचित्रांचा साठा, जो पुसला तर फोल्डर उघडताक्षणी विंडोज तो परत बनवतं. मग प्रीफेच फोल्डरमधल्या फायली. प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणूनच विंडोज त्या जपून ठेवतं, त्यामुळे त्या पुसल्या की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उशिरा उघडतो. आणि राहिलेल्या सगळ्या ‘रजिस्ट्रीतल्या चुका’.

या रजिस्ट्रीवर जरा थांबते, कारण घाबरवायला हाच शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो. विंडोजची आणि प्रोग्रॅमची सेटिंग्ज जिथे नोंदवली जातात ती ही जागा. काढून टाकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमच्या चार ओळी तिथे मागे राहतात, हे खरं. पण विंडोजला एखादी नोंद हवी असेल तर ते थेट त्या नोंदीच्या पत्त्यावर जातं, सगळी रजिस्ट्री पहिल्यापासून वाचत बसत नाही. उरलेल्या ओळींनी वेगात जाणवेल असा फरक पडत नाही. चुकीची ओळ उडाली तर मात्र विंडोज सुरूच न होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केलेलं आहे.

आता तो पट्टा. सगळी हातचलाखी इथेच आहे.

चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम रॅमचा काही भाग वापरत असतो. विंडोजमध्ये अशी एक सोय आहे की एखाद्या प्रोग्रॅमला सांगता येतं, तुझ्या ताब्यातली मेमरी सोड. ‘मेमरी बूस्टर’ म्हणवणारे प्रोग्रॅम बटण दाबल्यावर हेच करतात. सगळ्या चालू प्रोग्रॅमची मेमरी एकदम काढून घेतात. काही जुने बूस्टर तर याहून दांडगाई करायचे. ते स्वतःच मेमरीचा मोठा तुकडा मागायचे. तो द्यायचा म्हणून विंडोज बाकीच्यांचं सामान हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये (रॅम अपुरी पडली की वापरायच्या फाइलमध्ये) हलवायचं, आणि मग हे महाशय तुकडा सोडून द्यायचे. आकडा बघाल तर भरपूर मेमरी मोकळी. पण तुम्ही ब्राउझरवर क्लिक केलंत की त्याला त्याचं सामान परत हवं असतं, आणि त्यातलं बरंच आता डिस्कवर गेलेलं असतं.

रॅममधली गोष्ट साधारण 100 नॅनोसेकंदात हाती लागते. फिरत्या हार्ड डिस्कवर कुठल्या तरी कोपऱ्यातली नोंद शोधायला 10 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे फरक लाखपटीचा. हिरव्या पट्ट्यानंतर लगेच डिस्कचा दिवा सतत लुकलुकायचा आणि खिडक्या गोठायच्या, त्याचं कारण हे. आणि मग कॉम्प्युटर अडकला म्हणून मी पुन्हा तेच बटण दाबायची! ग्राहकाने औषध जितकं घ्यावं तितका आजार वाढावा, अशी ही रचना.

मोकळी रॅम म्हणजे चांगली रॅम, ही समजूतच या धंद्याचं भांडवल आहे. रिकाम्या रॅमला वीज तेवढीच लागते आणि तिचा उपयोग काही नसतो. म्हणून विंडोज, विशेषतः व्हिस्टापासून, उरलेल्या रॅममध्ये तुम्ही पुन्हा उघडण्याची शक्यता असलेल्या फायली आधीच आणून ठेवतं. कुणाला जागा लागली तर ती तिथल्या तिथे दिली जाते. टास्क मॅनेजर म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. तिच्यात ‘मेमरी’खाली ‘अव्हेलेबल’ असा आकडा दिसतो, त्यात अशा फायलींनी भरलेली ही मेमरीही धरलेली असते. तो आकडा पुरेसा असेल, तर लाल पट्ट्याकडे बघायचं कारण नाही.

माझा संशय पक्का झाला तो हार्ड डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकल्यावर. एकही जास्तीचा प्रोग्रॅम नाही, ब्राउझर अजून उघडलेलाही नाही. मुद्दाम तीच मोफत तपासणी चालवून पाहिली. पुन्हा लाल आकडा, पुन्हा ‘गंभीर’ दोष. कोऱ्या पाटीवर शुद्धलेखनाच्या चुका!

असं फसवणं काही आजचं नाही. 1995 मध्ये अमेरिकेत सॉफ्टरॅम 95 नावाचा प्रोग्रॅम रॅम दुप्पट करतो म्हणून लाखोंनी खपला. तो रॅम अजिबात वाढवत नव्हता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याच्यावर कारवाई केली. 2019 चं प्रकरण तर मला जास्तच ओळखीचं वाटलं. ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी व्हायची. सुरुवातीला ग्राहकाला काही प्रश्न विचारायचे, जसं की कॉम्प्युटर हळू चालतो का. कमिशनचं म्हणणं असं की एका जरी प्रश्नावर खूण केली की तपासणीत काहीही सापडो, व्हायरसची लक्षणं आढळल्याचाच निकाल यायचा. ऑफिस डेपो आणि सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. 2018 च्या मार्चपासून मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या अँटिव्हायरसनेही, घाबरवणारे इशारे दाखवून पैसे भरायला लावणारे सफाईवाले प्रोग्रॅम नको असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये धरायला सुरुवात केली. तरी नव्या नावांनी ते येतच राहतात.

मी तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि विषय संपला असं धरून चालले. तर वर्ष संपताच कार्डावरून परत पैसे गेले, आणि पहिल्यापेक्षा जास्त. पहिली रक्कम ‘सवलतीची’ होती, हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. प्रोग्रॅम काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती वेगळ्या ठिकाणी, बहुधा पैसे घेणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या साइटवर जाऊन रद्द करावी लागते. कार्डाच्या तपशिलात नावही त्या तिसऱ्याच कंपनीचं येतं, त्यामुळे हे पैसे कसले तेच पटकन कळत नाही.

त्यानंतर फोन आला. ‘मॅडम, आमची कंपनी ही सेवा बंद करतेय, तुमचे पैसे परत द्यायचे आहेत.’ बोलणं अगदी आदबशीर. नाव, प्रोग्रॅम, भरलेली रक्कम सगळं बरोबर सांगितलं. ही माहिती त्यांच्याकडे कशी, तर पैसे भरताना मीच दिलेली. ती पुढे विकली गेली की हेच लोक दुसऱ्या टोपीत आले, ते कळायला मार्ग नाही. परताव्यासाठी एक रिमोटचा प्रोग्रॅम टाकायला लावला, म्हणजे त्यांना माझी स्क्रीन दिसणार आणि माउसही त्यांच्या हातात. मग त्यांनी इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणांची रांग दाखवली. ‘बघा मॅडम, हॅकर आत शिरलेत.’ इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही तरी तिथे लाल खूण पडते. व्यवस्थित चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही अशा खुणा ढिगाने सापडतात. हवं तर आत्ता तुमचा उघडून बघा.

पुढचं वाक्य होतं, ‘आता नेट बँकिंगला लॉग-इन करा, म्हणजे पैसे जमा झालेले तुम्हालाच दिसतील.’ पैसे परत देणाऱ्याला माझं लॉग-इन कशाला हवंय? मी भिंतीतून नेटची वायर काढली. या नाटकाचा पुढचा अंक कसा असतो तेही सांगून ठेवते: ते ब्राउझरमधल्या पानावरचा मजकूर तिथल्या तिथे बदलतात, शिलकीत एक शून्य वाढलेलं दिसतं, आणि मग ‘चुकून जास्त पैसे गेले, माझी नोकरी जाईल, तेवढे परत पाठवा’ अशी रडारड सुरू होते. खात्यात आलेलं काहीच नसतं. पाठवले जातात ते तुमचे पैसे.

कुणाला असा रिमोट दिला गेलाच असेल, तर आधी नेट तोडा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून, याच्यावरून नाही. बँकेला फोन करायचा तो कार्डाच्या मागच्या नंबरवर. समोरच्याने दिलेल्या किंवा शोधून वर आलेल्या नंबरवर नाही. माझ्या बँकेने नूतनीकरणाची रक्कम वाद नोंदवून परत मिळवून दिली. पहिल्या वर्षाची मिळाली नाही, कारण ती मी स्वतः मंजूर केलेली होती. वर्गणी रद्द करायला सांगितल्याचा ईमेल मी जपून ठेवला होता, तो तिथे कामी आला.

कॉम्प्युटर हलका करायला जे खरंच लागलं, त्यातलं बरंचसं फुकट होतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि ‘स्टार्टअप’मध्ये कॉम्प्युटरबरोबर आपोआप उठणारे प्रोग्रॅम बंद केले. सफाईवाल्याने स्वतःलाही त्याच यादीत घातलं होतं! शिवाय त्याची एक वेळ लावलेली आज्ञा टास्क शेड्यूलरमध्ये मागे राहिलेली सापडली; तीही काढली. ब्राउझरमधली न वापरलेली एक्स्टेन्शन्स काढली. ‘शट डाउन’ऐवजी अधूनमधून ‘रीस्टार्ट’ करायला लागले, कारण फास्ट स्टार्टअप (कॉम्प्युटर लवकर सुरू व्हावा म्हणून विंडोजमध्ये असलेली सोय) चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण नव्याने सुरू होत नाही. डिस्कवरचा कचरा विंडोजच्याच ‘स्टोरेज सेन्स’ने काढला. त्याने जागा मिळते, वेग फारसा नाही, हे कुणी विकणारा सांगत नाही.

खरा फरक पडला तो एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणारी डिस्क) टाकल्यावर आणि रॅम 8 जीबी केल्यावर. रॅम घेण्याआधी विंडोज 64-बिट आहे ना ते बघून घ्या. 32-बिट असेल तर घरगुती आवृत्ती 4 जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, आणि पैसे पुन्हा पाण्यात जातात.