रीवा ॲक्वारामा: चकाकी नंतर, आधी तळ बघा

लाकडी मोटरबोटींत ॲक्वारामाच्या तोडीचं काम क्वचितच दिसतं, आणि त्याचं मूळ एका घराण्याच्या शिस्तीत आहे. उत्तर इटलीत इझेओ सरोवराकाठच्या सार्निकोत पिएत्रो रीवा यांनी 1842 मध्ये होड्यांचं काम सुरू केलं. पुढच्या पिढ्यांत एर्नेस्टो रीवा यांनी होड्यांना इंजिनं बसवली, सेराफिनो यांनी शर्यतीच्या बोटींत नाव कमावलं. त्यांचा मुलगा कार्लो याला मात्र शर्यत नको होती. तितक्याच नेटकेपणाने बांधलेली, पण हौसेने फिरायची बोट त्याला हवी होती, तीही ठरलेल्या साच्यावर एकामागून एक निघणारी.

1962 ची ॲक्वारामा त्यातूनच आली. समोरची काच दोन्ही बाजूंना वळलेली, म्हणून सिनेरामावरून, म्हणजे रुंद, वळलेल्या पडद्यावरच्या सिनेमावरून हे नाव. लांबी आठ मीटरच्या आसपास, मागच्या गादीखाली दोन व्ही-8 (आठ सिलिंडरची) पेट्रोल इंजिनं. मोटारी बनवणाऱ्या फेरुच्चो लँबोर्गिनी यांनी आपल्या बोटीत स्वतःच्या कारखान्याची व्ही-12 बसवून घेतली होती.

खरी कमाल व्हार्निशची. महोगनीवर वीसेक हात चढतात. पहिला हात निम्मा थिनर घालून पातळ, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढे दोन हातांच्या मध्ये 320 नंबरचा पॉलिश पेपर. घाई केली की खालचा थर ओला राहतो आणि वरचा सुरकुततो. भर उन्हात लावलं तर बुडबुडे येतात. दर हंगामाआधी हलकं घासून दोन हात द्यावेच लागतात. हे टाळलं की उन्हाने थर तडकतो, पाणी आत शिरतं आणि लाकूड काळं पडतं. स्क्रूवरच्या लाकडी बुचाभोवती काळं वर्तुळ दिसलं तर नुसतं घासून भागत नाही. बुच काढून स्क्रू तपासा, नवं बुच बसवताना त्याच्या रेषा फळीच्या रेषांना जुळवा. आडवं बसलेलं बुच वीस हातांखालूनही डोळ्यांत खुपतं!

इंजिन सुरू करण्याआधी निदान चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर काढणारा पंखा, चालवा. तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते. खाऱ्या पाण्यात चाललेल्या बोटीचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे, पाण्याने थंड होणारे नळ, उघडून बघा. ते आतून गंजले की पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइपही मऊ पडतात.

उणिवा आहेतच. केबिन अंग आखडून निजण्यापुरती, इंधन भरपूर लागतं, आणि खवळलेल्या समुद्रात आरामाची अपेक्षा नको.

कार्लोने 1969 मध्ये कंपनी अमेरिकेच्या व्हिटेकर या कंपनीला विकली. नंतर मालक बदलत गेले, तरी ॲक्वारामा 1996 पर्यंत लाकडातच बनली. त्यामुळे विकत घेताना सालापेक्षा तळाला जास्त महत्त्व द्या. बोट पाण्याबाहेर काढायला लावा आणि प्लास्टिकच्या हातोडीने तळ हळूहळू ठोकत जा. बद्द आवाज आला की समजा, तिथे प्लायवुडचे थर सुटलेत.