सैनिकाचा नकार, पत्रकाराचे मौन

कामठीच्या छावणीत गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे आणि नागपुरातील वृत्तपत्रांच्या कचेऱ्या तेथून फार दूर नाहीत. युद्धकाळात मात्र या दोन ठिकाणच्या माणसांच्या नैतिक कसोट्या जवळजवळ उलट असतात. आज्ञापालन अंगी मुरलेल्या सैनिकाला कधी आज्ञा मोडावी लागते, कारण जखमी शत्रू, युद्धकैदी आणि नागरिक यांना १९४९ च्या जिनिव्हा करारांनी संरक्षण दिले आहे. १९६८ मध्ये व्हिएतनाममधील माय लाई येथे ह्यू थॉम्पसन या अमेरिकी वैमानिकाने निःशस्त्र गावकऱ्यांना ठार मारणाऱ्या आपल्याच सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवले. तरी ते हत्याकांड जगापुढे आले ते पत्रकार सिमोर हर्श यांच्या १९६९ मधील बातम्यांमुळे. पत्रकाराने लपवलेले उघड करावे, हे खरेच. पण २००८ च्या मुंबई हल्ल्यात सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. माझ्या मते सैनिकाचे ओझे अधिक जड आहे. पत्रकाराला निदान संपादकाशी बोलायला (वाहिन्यांच्या घाईतही) थोडा वेळ मिळतो. सैनिकाला अनेकदा काही क्षणच मिळतात.