जखडलेला खांदा आणि फिजिओथेरपी : आठ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

मागच्या दिवाळीत चकल्या करताना सोऱ्या फिरवला आणि उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की पीठ तसंच झाकून मी खाली बसले. लचक भरली असेल म्हणून सोडून दिलं. पंधरा दिवसांनी पाठीमागे हात नेऊन हुक लावता येईना, अंबाडा घालता येईना. कोरेगावच्या एसटीत उभं राहून वरची दांडी धरायची तर डावा हात. शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायची माझी सवय, ती तारीख हळूहळू खाली सरकत फळ्याच्या मध्यावर आली. ते आधी मुलांच्या लक्षात आलं, मग माझ्या.

माझं वय 52, मधुमेह नऊ वर्षांपासून. हे आधीच सांगते, कारण या दुखण्याशी त्याचा थेट संबंध आहे आणि मला तो कुणी सांगितला नव्हता.

दीड महिना घरगुती उपायांत गेला. निर्गुडीचा पाला, तिळाचं तेल, रात्री गरम पाण्याची पिशवी. एका हाडवैद्याने हात धरून जोरात ओढला, त्यानंतर आठ रात्री उजव्या कुशीवर वळता आलं नाही. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे स्वच्छ. त्यांनी माझा हात कोपरातून धरून बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला, जेमतेम वळला, आणि म्हणाले, ‘फ्रोजन शोल्डर.’ खांद्याच्या सांध्याभोवती एक आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं आणि आकसतं. बहुतेकदा चाळिशी ते साठीत होतं, बायकांमध्ये जास्त, आणि मधुमेह असेल तर बरंच जास्त. आधी दुखत दुखत आखडतं, मग दुखणं कमी होऊन नुसतं जखडलेलं राहतं, मग हळूहळू सुटतं. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही लागू शकतात. त्यांनी सांध्यात इंजेक्शन दिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं : फिजिओथेरपी.

पहिल्या ठिकाणी माझे दहा दिवस आणि तीन हजार रुपये गेले. नाव घेत नाही. रोज खाटेवर झोपवायचं, खांद्याला मशीनच्या गाद्या चिकटवायच्या, मुंग्या आल्यासारखं होतं ते वीस मिनिटं, मग शेक, मग घरी. हात किती वर जातो हे दहा दिवसांत एकदाही कुणी पाहिलं नाही. शेकाने तासभर बरं वाटायचं, हे खरं. पण हात होता तिथेच. अनेक जण इथेच थांबतात आणि ‘फिजिओ करून पाहिलं, फरक नाही’ म्हणून सांगत सुटतात. मीही थांबले असते. शाळेतल्या एका बाईंनी हट्टाने दुसरीकडे नेलं.

दुसऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी मशीनला हातच लावला नाही. त्यांच्याकडे कोनमापकासारखी दोन पट्ट्यांची मोजपट्टी होती. ती खांद्यावर ठेवून त्यांनी एकेक माप घेतलं आणि माझ्याच वहीत लिहायला लावलं. समोरून वर : 80 अंश. बाजूने वर : 65. कोपर कुशीला टेकवून हात बाहेर : 10. निरोगी खांदा समोरून साधारण 180 पर्यंत जातो. आयुष्यभर मुलांना कोन शिकवले, पण स्वतःच्या खांद्याचा कोन त्या दिवशी कळला. मग त्या म्हणाल्या, ‘बाई, आठवड्यातून दोनदा मी बघणार, बाकीचं तुम्हाला करायचंय. दिवसातून तीन वेळा.’

ते तीन वेळा म्हणजे काय, ते नीट लिहिते. सकाळी कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर ओट्याला डावा हात टेकवून वाकायचं, उजवा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. मग भिंत. भिंतीसमोर उभं राहून दोन बोटांनी, मुंगी चढते तसं वर चढायचं आणि जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची खूण. आमच्या बेडरूममध्ये कपाटाशेजारी अशा खुणांची शिडीच झाली आहे, प्रत्येकीपुढे तारीख. सुट्टीत घरी आलेल्या मुलाने रंग द्यायचं काढलं, तर मी ती भिंत देऊ दिली नाही. दुपारी शाळेत, डबा खाऊन झाल्यावर, छत्री दोन्ही हातांत आडवी धरून चांगल्या हाताने आजारी हाताला बाहेर ढकलायचं. रात्री दाराला अडकवलेल्या कप्पीच्या दोरीने हात वर खेचायचा आणि जुनी ओढणी पाठीमागे धरून अंग पुसल्यासारखं करायचं.

दुखतं का? दुखतं. पण किती दुखू द्यायचं याचा नियम त्यांनी घालून दिला होता : ताण सोसवेल इतकाच, आणि व्यायामानंतर थोड्या वेळात दुखणं मूळच्या पातळीवर यायला हवं. रात्री ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. सुरुवातीच्या दुखऱ्या टप्प्यात जोर लावून ओढलं तर उलट चिघळतं. तेव्हा मला त्या हाडवैद्याने केलेलं आठवलं.

तिसरा महिना सगळ्यात कठीण गेला. पाच आठवडे पेन्सिलीची खूण बोटभरही वर गेली नाही. मॅडमनी साखरेचे रिपोर्ट मागितले. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) 9.1 होती. त्यांनीच मला परत मधुमेहाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. (सांध्यातल्या त्या इंजेक्शननंतरही काही दिवस साखर वाढते. मधुमेह असेल तर आधीच विचारून घ्या.) गोळ्या बदलल्या, संध्याकाळचं चालणं सुरू केलं, आता सरासरी 7.2 आहे.

आज आठ महिन्यांनी समोरून 160, बाजूने 150, बाहेर 60. तारीख परत फळ्याच्या कोपऱ्यात गेली. अंबाडा घालता येतो. हुक मात्र अजून उजव्या हाताने लागत नाही, पाठीमागे हात कमरेच्या थोडा वर जाऊन थांबतो. यातलं किती व्यायामाने झालं आणि किती काळाने आपोआप सुटलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण रात्रीची झोप दुसऱ्या महिन्यातच परत आली आणि माझा हात मला कळायला लागला. माझ्यासाठी तेवढ्यानेही पैसे वसूल झाले.

पैशांचं म्हणाल तर दुसऱ्या ठिकाणी मिळून साधारण चौदा हजार लागले, कारण चौथ्या महिन्यानंतर पंधरा दिवसांतून एकदाच जायचे. मेडिक्लेमने एक रुपया दिला नाही, दवाखान्यात दाखल नव्हते म्हणून. याचा मला खरोखर राग आहे. परवडत नसेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत हाजी अलीला तर केंद्र सरकारची या कामासाठीच उभारलेली संस्था 1955 पासून आहे. माझ्या नणंदेला चेंबूरमध्ये राहून ती माहीत नव्हती.

आणि कुठेही जा, शिक्षण विचारा. बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त काळाची आहे आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजेच फिजिओथेरपी) परिषदेकडे नोंदणी असते. सांधा, स्नायू, नसा शिकून आलेल्या माणसाला ‘मालिशवाले’ म्हणणं आता थांबवायला हवं. पहिल्या दिवशी माप घेतात का आणि घरी करायचे व्यायाम शिकवतात का, हे बघा. नसतील शिकवत तर उठून या.

परवा 8 सप्टेंबरला, जागतिक फिजिओथेरपी दिनी, मी स्टाफरूममधल्या सगळ्या बाईंना दोन्ही हात पाठीमागे न्यायला सांगितले. सात जणींपैकी एकीचा डावा हात कमरेपाशीच अडला. चार महिने ती खांद्याला बाम लावत होती. शनिवारी शाळा सुटल्यावर तिला मॅडमकडे घेऊन जाते आहे. तिला साखर तपासायलाही सांगितली आहे. आणि मी माझ्या वहीत डाव्या खांद्याचंही माप दर रविवारी लिहिते, कारण एका खांद्याला झालं की पुढे दुसऱ्यालाही होऊ शकतं, असं मॅडमनी सांगून ठेवलंय. अजून तरी तो 175 वर आहे.