डेट्रॉइटचं 'भाडेकरूसकट' घर

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधली घरं 'भाडेकरूसकट' विकायला पुण्यातल्या एका हॉटेलात कार्यक्रम झाला. तिथे सांगितलेलं बरंचसं खरं होतं, म्हणून तर माणसं गळाला लागली, आम्हीही एक घर घेतलं. डेट्रॉइट शहर 2013 साली दिवाळखोरीत गेलं, खरं. तिथली जप्तीची घरं काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, लिलावात 500 डॉलरपासूनच्या बोलीला निघालेली आहेत, हेही खरं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, त्यामुळे बँकेनेही हरकत घेतली नाही. बँक पॅन आणि फॉर्म बघते, घर बघत नाही.

मेख अशी की घर विकणारे, डागडुजी करणारे आणि भाडं गोळा करणारे एकच. डागडुजीचे पैसे हप्त्याहप्त्याने घेतले, आणि त्यातूनच सुरुवातीला आम्हाला 'भाडं' पाठवलं. भाडेकरू नव्हताच. नव्या किचनचा फोटो जुलैत आला, तर सिंकवरच्या खिडकीबाहेर बर्फ! विचारल्यावर उत्तर: "सर, चुकून जुना फोटो गेला." किचन नवं आणि फोटो जुना?

शेवटी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात राहणारी भाची जाऊन बघून आली. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मामा, मागचं दारच नाहीये." तळघरातले तांब्याचे पाइप कापून नेलेले, घर गरम ठेवणारी फर्नेस गायब, वॉटर हीटर गायब. पोर्चवर नोटीस, वाढलेल्या गवताच्या दंडाची, आमच्या नावाने.

खरा दणका कराचा. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये मालमत्ता कर तीन वर्षं थकला की घर जप्त होतं. यांनी दोन वर्षांचा आधीच थकवून ठेवला होता. हातात कागद होता तो क्विटक्लेम डीड, म्हणजे 'माझा काही हक्क असलाच तर तो तुम्हाला दिला'. हमी कसलीच नाही.

तेव्हा वॉरंटी डीड (विकणारा मालकीची हमी देतो तो कागद) आणि टायटल इन्शुरन्स (मालकीत खोट निघाली तर त्याचा विमा) मागा. टायटल कंपनी आणि इन्स्पेक्टर तुम्ही निवडा, विकणाऱ्यांनी सुचवलेला नको. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत येतं, तिच्या ट्रेझररच्या (खजिनदाराच्या) साइटवर पत्ता टाकून थकबाकी बघता येते. घर भाड्याने द्यायला तिथे महापालिकेत नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. 'भाडेकरूसकट' म्हणणाऱ्याकडे आधी तो मागा.

आणि हो, घराचं खिंडार झालं तरी नावावर आहे तोवर ते इथल्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावंच लागतं. आमच्या सीएने यंदाही दाखवलंय, फी वेगळी.